संत्र्याच्या गार वड्या

विहारातल्या महिला मंडळानं चौदा एप्रिलच्या फराळाची वाटणी केली, तेव्हा कमलाबाईंच्या घराला सूट मिळाली. कारंज्यातल्या त्या वस्तीत जयंतीच्या सकाळी वंदना झाली की सगळ्यांचा फराळ विहाराच्या अंगणातच होतो आणि प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. कोणाकडं चिवडा, कोणाकडं आलूबोंडे, कोणाकडं मठ्ठा. मंडळाच्या आनंदाबाई सूट मिळाल्याचं सांगायला स्वतः घरी आल्या. खाटेच्या काठावर बसून, कमलाबाईंचे कानही गेले असावेत अशा मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या की ताई, यंदा तुम्ही काहीच करायचं नाही, फक्त येऊन खुर्चीवर बसायचं.

कमलाबाईंनी काही बोलायच्या आतच त्यांचे मालक प्रेमदास यांनी हात जोडून आनंदाबाईंचे आभार मानले.

गेल्या श्रावणात कमलाबाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या. उजवी बाजू गेली. वर्ध्याच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. पाय हळूहळू परत आला, ओढत का होईना. हात मात्र आला नाही, बोटं तळव्याकडं वळून तशीच राहिली. आणि बोलणं मंद झालं. मनात शब्द तयार असायचा, तोंडापर्यंत यायला त्याला वेळ लागायचा. तेवढा वेळ कोणी थांबत नसे. समोरचा माणूस आपल्या मनानं वाक्य पुरं करून टाकायचा आणि उत्तरही देऊन मोकळा व्हायचा.

एकतीस वर्षं कमलाबाई अंगणवाडी सेविका होत्या. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. तीन वर्षांच्या पोरांशी त्या ज्या लाडिक सुरात बोलायच्या, त्याच सुरात आता सगळे त्यांच्याशी बोलत. अजून एक घास घ्या बरं, शाब्बास. हे ऐकलं की त्यांना तो घास थुंकून द्यावासा वाटे.

त्या दिवशी त्यांनी आनंदाबाईंचा हात धरला. "लिही," त्या म्हणाल्या.

"काय लिहू, ताई?"

"माझं... नाव. सं... सं..."

प्रेमदास चटकन उठले. "संडासले जायचं हाये का?"

आनंदाबाईही लगबगीनं उभ्या राहिल्या आणि आधार द्यायला पुढं आल्या. कमलाबाईंचं तोंड कानापर्यंत तापलं. दोघांचे हात त्यांनी डाव्या हातानं झिडकारले आणि दात आवळून शब्द बाहेर काढला, "संत्र्याच्या वड्या."

दोघंही हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बरं बरं, करू आपण, असं आनंदाबाई म्हणाल्या. प्रेमदास म्हणाले की तू फक्त सांग, मी करीन. त्यावर कमलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली ती कोणी पाहिली नाही.

प्रेमदास एसटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं गाडी चालवली, एकदाही अपघात नाही, आणि आता घरही ते तसंच चालवत होते. सत्तरीला आलेला माणूस वरण-भात शिकला, पोळ्या लाटायला शिकला. वरण पाणचट व्हायचं, पोळ्यांना कसलाही आकार यायचा, पण एक दिवस त्यांनी खाडा केला नाही. फक्त कमलाबाईंना ते स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. बाहेर जाताना गॅसचा लायटर सदऱ्याच्या खिशात टाकून नेत. काडेपेटी मागितली तर हिला कोणी देऊ नका, असं त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. माणूस वाईट असता तर कमलाबाई सरळ भांडल्या असत्या. हा माणूस त्यांचे पाय चेपायचा, वेणी घालायचा. त्याच्याशी भांडायचं कुठून सुरू करावं हेच आठ महिन्यांत त्यांना समजलं नव्हतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी आष्टीला प्रेमदासांच्या पुतण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. जाऊ की नको करत ते सकाळी आठच्या गाडीनं गेले. शेजारच्या मंदाबाईंना दर तासाला डोकावून जायला सांगितलं आणि चारपर्यंत येतो म्हणाले.

मंदाबाई आणि त्यांचा नवरा लखन दोघंही संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जात. हंगाम संपत आला होता, झाडावर शेवटचा माल होता. व्यापारी बारीक फळ घेत नाही, ते मजुरांना मिळतं. कमलाबाईंनी चार दिवस आधीच मंदाबाईंना सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे पिशवीभर बारकी, पातळ सालीची, गोड संत्री आली. वड्या गोठवायच्या चायना ग्रासचं पाकीट मात्र घरातच, वरच्या फळीवरच्या डब्यात होतं, आजारपणाच्या आधीचं. त्याला काही होत नाही. मंदाबाईंनी डबा काढून दिला.

"आता आगपेटी दे," कमलाबाई म्हणाल्या.

मंदाबाई मागं सरकल्या. प्रेमदास दादांनी शपथ घातली आहे, मी हे नाही करणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पाहिजे तर मी उकळून देते, तुम्ही बसून सांगा.

कमलाबाई नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांपूर्वी मंदाबाईंनी आपल्या धाकट्या मुलीला पोलिओचा डोस पाजायला नकार दिला होता, तेव्हा ह्याच बाई त्यांच्या दारात येऊन बसल्या होत्या, दुपार होईपर्यंत, पाण्याचा घोटही न घेता. मंदाबाईंनी ते पाहणं ओळखलं. घरी गेल्या आणि काडेपेटी घेऊन आल्या.

"मी थांबते अथीच," त्या म्हणाल्या.

"नको. तू थांबली, तं लोकं... म्हणतीन... मंदानं केलं."

मंदाबाई गेल्या. जाताना दोन्ही घरांमधल्या भिंतीपाशी बाज टाकून, कान इकडं लावून बसल्या.

चायना ग्रासचे दोरे पाण्यात भिजत घालून कमलाबाई पाटावर बसल्या. एका हातानं दुसरं कोणतं फळ सोलता आलं नसतं, पण आपल्याकडच्या संत्र्याची साल सैल असते. फळ छातीशी धरायचं, मेलेल्या हाताच्या कोपरानं दाबून ठेवायचं, आणि डाव्या अंगठ्याचं नख देठापाशी खुपसायचं. पहिलं संत्रं निसटून गॅसच्या ओट्याखाली गेलं. दुसऱ्याचा रस लुगड्यावर उडाला. पाचव्यापासून हात बसला. फोडी गाळणीत टाकायच्या, वाटीच्या बुडानं दाबायच्या. गाळणी सरकायची, म्हणून खालच्या भांड्याखाली, गंजाखाली, ओलं फडकं घातलं आणि गंज दोन पावलांमध्ये पकडून ठेवला. बिया आणि चोथा वर राही, खाली केशरी रस उतरे. पंचवीस संत्री व्हायला दीड तास लागला. चांगल्या हातानं हे काम त्या अर्ध्या तासात उरकून वर चहा प्यायल्या असत्या. रस खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो फ्रीजमध्ये ठेवला.

मग गॅस. काडेपेटी ओट्याखालच्या खणात अर्धी बाहेर ठेवून त्यांनी खण मांडीनं दाबून धरला. तीन काड्या मोडल्या. चौथी पेटली, पण काडी हातात धरून बटण फिरवायचं कसं? काडी विझली. त्या थोडा वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग पाय ओढत बाहेरच्या खोलीत गेल्या, बुद्धांच्या मूर्तीपुढची मेणबत्ती आणली, ती ओट्यावर शेगडीपाशी रोवली आणि सहाव्या काडीनं पेटवली. मेणबत्ती जळत राहिली, हात मोकळा झाला. बटण फिरवलं तशी निळी ज्योत भप्पकन आली. कमलाबाई दचकल्या आणि मग एकट्याच हसल्या. आठ महिन्यांत ह्या घरातला गॅस त्यांनी पेटवला नव्हता.

दोरे विरघळले, साखर विरघळली. पातेलं सांडशीत पक्कं धरून त्यांनी ते खाली उतरवलं आणि फ्रीजमधला रस काढून त्यात गरम पाक ओतला.

ओतल्याबरोबर पाक जागच्या जागी थिजला. गार रसात त्याच्या शेवया झाल्या, गोळे झाले. वरून घट्ट गुठळ्या, खाली नुसतं पाणी.

रस गार नसावा हे त्यांना माहीत होतं. अंगणवाडीत उन्हाळ्यात त्यांनी ह्या वड्या कितीदा केल्या होत्या, नव्या सेविकांना शिकवल्या होत्या, आणि रस घरातल्या हवेतला असावा हे पहिल्यांदा सांगितलं होतं. आज ते डोक्यातून निघून गेलं कसं? हातापायाबरोबर हेही गेलं की काय? पडल्यापासून त्यांना खरी भीती वाटली ती ह्या क्षणी. गुठळ्यांकडं बघत त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पलीकडून मंदाबाईंनी हाक दिली, बाई, झालं का?

मग त्यांना वाटलं की धडधाकट बायांच्या हातूनही रोज काहीतरी बिघडतं आणि कोणी त्यांना डॉक्टरकडं नेत नाही. बिघडलं तर बिघडलं. चायना ग्रास पुन्हा विरघळतं.

गाळणीनं त्यांनी एकूण एक गुठळी वेचून पातेल्यात परत टाकली, थोडं पाणी घातलं. रसाचा गंज जमिनीवर ठेवून पायानं ढकलत ढकलत मागच्या दारात नेला, जिथं एप्रिलचं ऊन घरात शिरत होतं, आणि वर फडकं झाकलं. त्या उन्हात अर्ध्या तासात लोखंडसुद्धा तापतं, रसाचं काय. पातेलं पुन्हा गॅसवर चढवून त्या कमरेनं ओट्याला रेलून ढवळत राहिल्या.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. प्रेमदास जेवणाच्या पंगतीला न थांबता पहिली मिळालेली गाडी पकडून आले होते. दुपारचा दीड वाजला होता. ते स्वयंपाकघराच्या दारात आले, पेटलेली शेगडी पाहिली आणि पुढं होऊन बटण बंद केलं.

कमलाबाईंनी बटण फिरवलं. मेणबत्ती जळतच होती, ज्योत आली.

प्रेमदासांनी बंद केलं.

कमलाबाईंनी पुन्हा सुरू केलं.

तिसऱ्यांदा प्रेमदासांनी हात पुढं केला तेव्हा कमलाबाईंनी त्यांच्या मनगटावर चमचा आपटला. गरम होता. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. प्रेमदास हात चोळत मागं झाले आणि दारातच खाली बसले.

"कमल, तुले माहीत नाई मी काय पाह्यलं त्या दिवशी," ते म्हणाले. आजवर त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, घरभर वास सुटला होता आणि ती ह्याच फरशीवर पडलेली, डोळे उघडे. त्यांना वाटलं संपलं. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग तिच्याकडं वळले, आणि तेवढ्या दोन पावलांत आपण काय काय विचार केले ते त्यांना अजून सकाळी उठल्यावर आठवतं. "बटण दिसलं की मले तेच दिसते."

कमलाबाई ऐकत होत्या. ढवळणं थांबलं नव्हतं.

"मी पडली," त्या म्हणाल्या. "तं भेव... भेव..."

प्रेमदासांनी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं. कमलाबाईंनी चमचा धरलेला हात वर केला. थांबा. प्रेमदास थांबले. पातेल्यातले बुडबुडे ऐकू येत होते. कितीतरी वेळ गेला. आठ महिन्यांत त्यांच्या शब्दासाठी एवढं थांबलेलं दुसरं कोणी नव्हतं.

"भेव मले वाटाले पाह्यजे. मले नाई वाटत. तुमाले वाटते, तं ते तुमी सांभाळा. एक हात गेला. मी नाई गेली."

प्रेमदासांची नजर तिच्या उजव्या हातावर गेली आणि ते ताडकन उठले. ओट्याला रेलताना तो हात शेगडीच्या कडेला टेकला होता. करंगळीच्या बाजूला मोठा फोड आला होता, पाणी भरलेला. तिला पत्ताही नव्हता.

"हे पाय. म्हनूनच म्हनतो मी," ते फोडाकडं बोट करत म्हणाले. आवाजात राग नव्हता, आपलं म्हणणं खरं निघाल्याचं दुःख होतं.

कमलाबाईंनी फोडाकडं पाहिलं. आपला हात भाजतो आणि आपल्याला कळत नाही, हे त्यांना आत लागलं. चेहऱ्यावर त्यांनी ते दिसू दिलं नाही. प्रेमदासांनी गार पाण्याचा तांब्या हातावर धरला, तेवढं त्यांनी धरू दिलं. मग म्हणाल्या की उद्यापासून कामाला लागताना हा हात पदरानं पोटाशी बांधून ठेवीन.

"उद्यापासून?" प्रेमदास म्हणाले.

"रोज."

उन्हात कोमट झालेला रस आणि पुन्हा विरघळलेला पाक ह्या वेळी नीट मिसळला. प्रेमदास पातेलं उचलायला उठले, तेव्हा कमलाबाईंनी त्यांना उंबऱ्याकडं बोट दाखवलं. ते उंबऱ्यावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, घाटात समोरून ट्रक येताना बसायचे तसे, अंग आखडून. कमलाबाईंनी पातेलं सांडशीत धरून तीन ताटांमध्ये ओतलं. थोडं फरशीवर सांडलं, ते त्यांनी पायानं फडकं फिरवून पुसलं. संध्याकाळपर्यंत ताटं थरथरीत, नितळ केशरी झाली. सुरीनं चौकोन पाडताना रेषा वाकड्या गेल्या. एक कोपरा त्यांनी तोंडात टाकला. गार, हलका, जिभेवर टेकताच विरणारा. शेवटी किंचित कडू, कारण गुठळ्यांबरोबरचा रस उकळला होता. आधीच्या वेळची चव नव्हती ती. कमलाबाईंनी झाकण ठेवलं.

चौदा तारखेला सकाळी विहाराचं अंगण भरलं होतं. वंदना झाली, निळे झेंडे लावलेल्या मांडवात ऊन चढू लागलं, आणि फराळाच्या टेबलावर कमलाबाईंची तीन ताटं सगळ्यात आधी रिकामी व्हायला लागली. त्या उन्हात गार काहीतरी हवंच होतं. आनंदाबाईंनी एक वडी खाल्ली, दुसरी उचलली आणि प्रेमदासांकडं वळून म्हणाल्या की दादा, हाताला चव आली तुमच्या.

"मी तं उंबऱ्यावर बसलो होतो," प्रेमदास म्हणाले. "मले हात लावू देल्ला नाई."

आनंदाबाई कमलाबाईंजवळ आल्या, वाकल्या आणि मोठ्यानं विचारलं की ताई, खरंच एकट्यानं केल्या का?

"कान चांगले हायेत माहे," कमलाबाई म्हणाल्या. "हळू बोल."

आजूबाजूच्या बाया हसल्या. आनंदाबाईंना जरा लागलं, पण त्याही हसल्या आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. एकीनं थोडा कडवटपणा लागतो म्हटलं. कमलाबाईंनी मान डोलावली, हो, लागतो. माफी मागितली नाही, कारणही सांगितलं नाही. मग त्यांनी आनंदाबाईंचा दंड धरला आणि सांगायला सुरुवात केली. आनंदाबाई मध्येच बोलायच्या बेतात होत्या, पण प्रेमदासांनी त्यांना हातानं थांबवलं. पुढच्या महिन्यातल्या बुद्धपौर्णिमेची खीर माझ्याकडं, असं ते वाक्य होतं. चार लिटर दुधाची.

आनंदाबाईंनी विचारल्यासारखं प्रेमदासांकडं पाहिलं.

"त्यायच्याकडं नको पाहू," कमलाबाई म्हणाल्या. "माह्याकडं पाय."

त्यानंतर त्या घरात रोज भांडणं होऊ लागली. पोळ्या लाटायला दोन हात लागतात, त्या प्रेमदासांकडंच राहिल्या. चहा, वरण, भात, भाजी कमलाबाईंनी घेतली. विळीवर भाजी कापायचं कसं ह्यावरून एक आठवडा गेला. हात पोटाशी बांधूनही त्यांना एकदा वाफ लागली, आणि त्या दिवशी दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. प्रेमदास दर दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून दारात येत. पाणी प्यायचंय, चष्मा राहिला. कमलाबाई त्यांना हाकलून देत.

पौर्णिमेच्या पहाटे दुधाचं मोठं पातेलं ओट्याखाली भरून ठेवलं होतं. ते कमलाबाईंना एका हातानं हलत नव्हतं. त्यांनी एकदा करून पाहिलं, दूध हिंदकळलं, त्यांनी सोडून दिलं. प्रेमदास बाहेरच्या खोलीत जागेच होते. त्यांनी हाक मारली. प्रेमदास धावतच आले.

"हे उचलून गॅसवर ठेवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी ठेवलं. मग तिथंच उभे राहिले, बटणाकडं बघत.

कमलाबाईंनी उजवा हात पदरात घेतला, पदराचं टोक दातात धरून डाव्या हातानं गाठ मारली आणि ओढून घट्ट केली.

"आता जा," त्या म्हणाल्या. "फिरून या हायवेपर्यंत. तुमी अथी असले की मले घाई होते."

प्रेमदासांनी चपला घातल्या. फाटकापाशी ते थोडा वेळ रेंगाळले, हे कमलाबाईंना आतून समजलं, पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही. मग फाटकाची कडी पडली आणि त्यांची पावलं रस्त्यानं दूर गेली.

कमलाबाईंनी बटण फिरवलं.